लेक सुपीरियरवर शिडाची बोट घेऊन फिरणं समुद्रापेक्षा सोपं असतं का?

तुम्ही लिहिलंय की मिनिआपोलिसहून दोन कुटुंबं मिळून चार दिवस बोट भाड्याने घेणार आहात, मूळचे रत्नागिरीचे, पोहायला उत्तम येतं, समुद्राची सवय आहे, मग तलावात कितपत अवघड जाईल आणि कुठला महिना बरा. महिन्याचं आधी सांगून टाकते, जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर. बाकीचं उत्तर जरा लांबेल, कारण "तलावात कितपत अवघड जाईल" हे मी घरच्यांकडून बरीच वर्षं ऐकतेय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

सोपं नाहीये. अमेरिका-कॅनडा सीमेवरचं हे पाणी ८२,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त, सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर, आणि पूर्व-पश्चिम लांबी ५६३ किलोमीटर. एवढ्या लांबीवर वारा एका दिशेने दिवसभर वाहिला की काय होतं ते किनाऱ्यावर बसून कळत नाही.

आम्ही तलावाच्या पश्चिम टोकाला, डुलूथजवळ राहतो. आमची ३२ फुटी बोट आहे, नॉर्थ शोअरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या किनाऱ्याच्या, एका छोट्या मरीनात असते. बोटीवर निघायचं की नाही हा निर्णय माझा, असं नवऱ्याचं आणि माझं पहिल्यापासून ठरलेलं आहे. त्याचा हात शिडांवर माझ्यापेक्षा चांगला आहे, हवामान आणि नकाशे माझ्याकडे. माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, आमचे भावोजी, मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, सगळं जग फिरून रिटायर झाले. माणूस चांगला आहे, आई आजारी असताना त्यांनी जे केलं ते सख्ख्या मुलाने केलं नसतं, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण पाण्याचा विषय निघाला की त्यांच्यापुढे बाकीच्यांनी ऐकायचं असतं.

एका ऑगस्टच्या शेवटी ताई आणि ते आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना अपॉसल आयलंड्स दाखवायला नेलं. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला ही २२ बेटं आहेत, एक मॅडलिन सोडलं तर सगळी सरकारी संरक्षणात, घनदाट झाडी, लाल दगडाचे कडे, जुनी दीपगृहं. आमच्या मरीनातून जवळजवळ ५० नॉटिकल मैल, म्हणजे नव्वदेक किलोमीटर. जाताना नैऋत्येचा मऊ वारा होता, बोट दिवसभर एका लयीत चालली, ताई कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत बसून मटार सोलत होती, भावोजी म्हणाले "छान आहे हो तुमचं तळं". मी काही बोलले नाही. स्टॉकटन बेटाच्या प्रेस्क आइल खाडीत धक्क्याला बोट लावली, अस्वलं आहेत त्या बेटावर म्हणून खाण्याचं सगळं बंद करून ठेवलं, दोन दिवस मजेत गेले.

रविवारी सकाळी निघायचं होतं कारण सोमवारी संध्याकाळी त्यांचं मिनिआपोलिसहून विमान. शनिवारी रात्री व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, हवामान ऐकलं, ईशान्येचा वारा २५ नॉट (ताशी साधारण ४६ किलोमीटर), मध्येच ३० च्या वर झोत, लाटा ६ ते ९ फूट, लहान बोटींसाठी इशारा सोमवार दुपारपर्यंत. मी तिथेच सांगितलं की उद्या निघायचं नाही.

आणि रविवारी सकाळ कशी उगवली, तर लख्ख ऊन आणि खाडीतलं पाणी एकदम सपाट. भावोजी चहाचा कप घेऊन धक्क्यावर उभे, म्हणाले "वारा कुठे आहे गं? मी बिस्केच्या उपसागरात डिसेंबरमध्ये काय काय बघितलंय, आणि तू मला तळ्यातल्या वाऱ्यासाठी थांबवतेस?" मी त्यांना समजावलं की ही खाडी दक्षिणेला उघडते, ईशान्येच्या वाऱ्याला मागे अख्खं बेट आडवं आहे, म्हणून तर परवा इथे आलो. ते माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "अहो, तुम्ही सांगा तिला." नवरा म्हणाला "बोटीवर तिचं चालतं, भावोजी." त्याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे.

मग मी भावोजींना म्हटलं चला, पायात बूट घाला, फिरून येऊ. स्टॉकटनची गंमत अशी की प्रेस्क आइल हे मूळचं वेगळं छोटं बेट, लाटांनी वाळू आणून आणून ते मोठ्या बेटाला जोडलंय, आणि त्या वाळूच्या पट्ट्याच्या पलीकडे, पूर्वेला, ज्युलियन बे. चालत दहा-पंधरा मिनिटं. अर्ध्या वाटेवर आवाज यायला लागला, एकसारखी घरघर, आणि झाडांचे शेंडे हलताना दिसले. पलीकडे पोचलो तर उभं राहून बोलता येत नव्हतं. एरवी त्या वाळूवर पाय घासला की ती वाजते, त्या दिवशी सगळी वाळू ओली होती, लाटा थेट झाडांच्या मुळांपर्यंत येत होत्या आणि क्षितिजापर्यंत पाणी पांढरं.

भावोजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे, पण बोट काही बुडणार नाही यात."

बरोबर बोलले, बोट बुडली नसती. पण आता त्याचं पुढे काय, ते ऐका, हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. आम्हाला पश्चिमेला जायचं होतं. तलावाचा पश्चिमेचा भाग डुलूथकडे निमुळता होत जातो, ईशान्येचा वारा सुटला की सगळ्या तलावाची लाट त्या कोपऱ्यात जाऊन कोंबली जाते. म्हणजे जसजसं घर जवळ येईल तसतशा लाटा वाढत जाणार. बेटं मागे पडली की त्या वाऱ्यात आडोसा मिळेल असं वाटेत काही नाही, नऊ-दहा तास उघड्यावर, आणि शेवटी आमच्या मरीनाचं अरुंद तोंड, जिथे ईशान्येला तोंडाशीच लाटा फुटतात. डुलूथच्या जहाजांच्या कालव्यातसुद्धा अशा दिवशी लहान बोटीने शिरणं धोक्याचं असतं. निघणं आपल्या हातात होतं, आत शिरणं नव्हतं.

शिवाय इथली लाट महासागरासारखी लांब नसते. तिकडे दोन लाटांमध्ये दहा-बारा सेकंद मिळतात, बोट चढते, उतरते, श्वास घेते. इथे पाच-सहा सेकंदांत दुसरी आलीच, उंची तेवढी नसली तरी उभी, भिंतीसारखी. दोनशे मीटरच्या जहाजाला ते जाणवत नाही, ३२ फुटी बोटीला प्रत्येक लाट जाणवते. म्हणून मी स्पष्ट म्हणते की मोठ्या जहाजावरचा तीस वर्षांचा अनुभव लहान शिडाच्या बोटीवर जसाच्या तसा चालत नाही, मग तो कुणाचाही असो.

आणि थंडी. तुम्ही पोहण्याचं लिहिलंय ना, ते विसरा. या तलावाच्या पाण्याचं वर्षाचं सरासरी तापमान साधारण ४ अंश आहे. जूनमध्ये तलावाच्या मध्यावर पाणी तेवढंच गार असतं. ऑगस्टमध्ये बेटांच्या आसपास वरचं पाणी १५-१८ पर्यंत जातं, पण वारा किनाऱ्यावरून बाहेर वाहिला की वरचं कोमट पाणी ढकललं जातं आणि खालचं गार वर येतं, मग काल पोरं डुंबत होती तिथे आज पाय घालवत नाही. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीझब्रेक्ट, जे स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून प्रयोग करतात, त्यांचा १-१०-१ हा हिशोब इथे सगळ्यांना पाठ असतो. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात नसतो, माणूस हपापून श्वास घेतो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर तिथेच संपलं. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, नंतर बोटं वळत नाहीत, दोरी पकडता येत नाही. शुद्ध हरपायला १ तास जातो, पण लाइफ जॅकेट नसेल तर तो तास तुमच्या वाट्याला येतच नाही. पोहणारा आणि न पोहणारा, पहिल्या मिनिटाला दोघंही सारखेच.

भावोजींनी जॅकेट घालायला पण खळखळ केली होती, "मला काय लहान मूल समजतेस का" वगैरे. आमच्या बोटीवर कॉकपिटमध्ये आलं की जॅकेट, वय आणि नातं बघितलं जात नाही.

तर आम्ही थांबलो. धक्क्यावर आणखी शिडाच्या बोटी होत्या, एकही हलली नाही. एक मोठी पॉवरबोट गेली आणि तासाभरात परत आली, त्यातल्या बाईंचा चेहरा पांढराफटक. सोमवारी दुपारी वारा उतरला तेव्हा ताईला आणि भावोजींना जवळच्या किनाऱ्यावरच्या बेफील्ड गावाला सोडलं, मित्राने गाडीने मिनिआपोलिसला नेलं, पण विमान गेलेलं. तिकिटाचे पैसे बुडाले, आम्ही अर्धे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत हाच विषय, "मेव्हणीने तळ्यातल्या वाऱ्याला घाबरून आमचं विमान चुकवलं". ज्युलियन बेच्या किनाऱ्यावर स्वतः उभं राहून बघितलेला माणूस हे सांगतो आणि सगळे हसतात. मोठे आहेत म्हणून मी तोंडावर कधी काही बोलले नाही.

तुम्ही रत्नागिरीचे आहात म्हणून सांगते. मिरकरवाड्यातल्या कुठल्याही तांडेलाला ही गोष्ट सांगा, तो मला पहिल्या वाक्यात समजून घेईल. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै सरकारची मासेमारी बंदी आता आली, पण कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायचे ते कुणाला घाबरून नाही. लहान होडीने पाण्यावर पोट भरणारा माणूस थांबायला लाजत नाही.

भावोजी म्हणायचे मोठं जहाज असतं तर थांबावं लागलं नसतं. एडमंड फिट्झगेराल्ड २२२ मीटर लांब होतं, १० नोव्हेंबर १९७५ ला याच तलावात व्हाइटफिश पॉइंटच्या अलीकडे बुडालं, २९ च्या २९ माणसं गेली. आता हे खरंय की तो नोव्हेंबर होता आणि वादळ भयंकर होतं, ऑगस्टच्या २५ नॉटशी त्याची तुलना मी करत नाही. पण आजही लोखंडाची माती नेणारी ३०० मीटरची जहाजं वादळात कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशाने लांबचा रस्ता घेतात किंवा नांगर टाकून थांबतात. त्यांचे कॅप्टन काही घाबरट नाहीत.

तुमच्यापुरतं बोलायचं तर चार दिवसांपैकी दोन दिवस फिरायचे धरा आणि दोन अडकायचे. ज्याला सोमवारी ऑफिस किंवा विमान आहे त्याला बोटीवर घेऊच नका, कितीही जवळचा असो, इथे लोकांचा जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा कुणाला तरी घरी पोचायची घाई असते म्हणून. बेफील्डहून बोट घ्या आणि बेटांमध्येच राहा, दूरवरच्या आइल रॉयल बेटाचं नाव या खेपेला काढू नका. रात्रीची जागा आजच्या वाऱ्यावर नाही, उद्याच्या वाऱ्यावर ठरवा. उत्तर-ईशान्य असेल तर प्रेस्क आइल किंवा स्टॉकटनचीच क्वारी बे, पश्चिमेचा असेल तर ज्युलियन बे, आणि दक्षिण-नैऋत्येचा असेल तर प्रेस्क आइलमध्ये अजिबात झोपू नका, रात्रभर हादरे बसतील. दोन कुटुंबांत बोट चालवायची सवय कुणाला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. भाड्याने देणारे आधीचा अनुभव विचारतात, समुद्र बघितलाय हा अनुभव धरत नाहीत, तेव्हा बोटीबरोबर कॅप्टन पण घ्या. फोनच्या रेंजवर विसंबू नका, व्हीएचएफ चालवायला शिका, मदत मागायचा चॅनेल १६. जुलैत धुकं पडतं, गार पाण्यावर दमट हवा आली की अर्ध्या तासात बोटीचं पुढचं टोक दिसेनासं होतं. लोकरीची टोपी ऑगस्टमध्येसुद्धा.

आणि जा मात्र नक्की. एवढं वाचून बेत रद्द केलात तर मला वाईट वाटेल. भरती-ओहोटी नाही, अंगाला मीठ नाही, बोटीला गंज कमी, नांगर टाकल्यावर साखळी कितीतरी खोलवर दिसते इतकं स्वच्छ पाणी. इथे सीझन जेमतेम चार महिन्यांचा, ऑक्टोबरात बोटी क्रेनने बाहेर काढतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या बोटी लवकर बुक होतात, हिवाळ्यातच फोन करून ठेवा. भाडं किती ते विचारलं नाहीत, पण विचाराल, तर ते बोटीच्या लांबीवर आणि आठवड्यावर ठरतं, बेफील्डलाच विचारा.