‘निकाल’, ‘स्नातक’ आणि पाणिनीचा एक ‘ष’

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत ‘निकाल १०० टक्के’ असे छापतात, ते पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण समजावे काय, आणि या प्रमाणाला मराठीत काय म्हणावे.

तसे मुळीच समजू नये. निकाल परीक्षेला बसलेल्यांचा लागतो. प्रथम वर्षाला ६० जण आले, अखेरच्या परीक्षेला ३० बसले आणि ते सर्व उत्तीर्ण झाले, तरी निकाल १०० टक्केच. गळालेले ३० त्या हिशेबात येतच नाहीत. तरीही दरवर्षी ही दोन प्रमाणे एकच असल्याप्रमाणे छापली जातात, याचा मला उबग आला आहे.

शब्द म्हणाल, तर ‘स्नातक-प्रमाण’ म्हणावे. स्नातक म्हणजे अभ्यास संपवून विधिपूर्वक न्हालेला, आजचा पदवीधर. ‘स्नातक’ हिंदी आहे, असे सांगणारे पंडित ‘निष्णात डॉक्टर’ मात्र बिनदिक्कत लिहितात. दोन्ही शब्द ‘स्ना’ (न्हाणे) या एकाच धातूचे आहेत, हे त्यांच्या गावीही नसते. गंमत त्यातल्या ‘ष’ची आहे. ‘निनदीभ्यां स्नातेः कौशले’ या सूत्रात पाणिनी सांगतो की, ‘नि’ आणि ‘नदी’ यांच्यापुढे ‘स्ना’च्या ‘स’चा ‘ष’ होतो, पण कौशल्य हा अर्थ असेल तेव्हाच. म्हणून ‘निष्णात’, आणि नदीत तरबेज तो ‘नदीष्ण’. नुसते न्हाऊन आलेल्याला हा ‘ष’ मिळत नाही. स्नातक किती झाले हे मोजता येते, त्यांतले निष्णात किती हे त्या आकड्यावरून कळत नाही, ही आजची तक्रार मला त्या एका अक्षरात दिसते.

पारस्कर गृह्यसूत्र हा गृहसंस्कारांचा प्राचीन ग्रंथ तर स्नातकांचे तीन प्रकारच करते: वेद संपवून पण व्रत (ठरलेल्या मुदतीचे ब्रह्मचर्य) अपुरे ठेवून परतणारा विद्यास्नातक, व्रत पुरे करून वेद अपुरा ठेवणारा व्रतस्नातक आणि दोन्ही पुरे करणारा विद्याव्रतस्नातक. हे परतणे म्हणजे समावर्तन, आपल्याकडची सोडमुंज. ज्ञान आणि मुदत यांची खाती वेगळी ठेवण्याची ही रीत मला आजच्या पदवीच्या आकडेवारीची आठवण करून देते.

मुदतीचा प्रश्न आजही तोच आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना स्नातक-प्रमाण जाहीर करावे लागते, आणि चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंतची मुदत धरली जाते. पूर्णवेळ शिकणारे आणि प्रथमच प्रवेश घेतलेले विद्यार्थी तेवढे मूळ गणनेत येतात. जो मध्येच दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन पदवी घेतो, तो पहिल्याच्या हिशेबी स्नातक नसतो. दुसऱ्या घाटावर न्हाला, एवढाच त्याचा दोष. आपल्याकडे ‘एनआयआरएफ’ला (शिक्षणसंस्थांची केंद्र सरकारी क्रमवारी) दिलेल्या आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवाव्या लागणाऱ्या तक्त्यात किमान विहित मुदतीत पदवी मिळवलेल्यांची संख्या असते. फोंड्याच्या वाचकांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून तो तक्ता उघडावा आणि ती संख्या त्याच तुकडीच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशांशी ताडून पाहावी.

प्रथम वर्षातून द्वितीय वर्षात टिकणाऱ्यांच्या प्रमाणाला काही परिभाषाकार ‘प्रतिधारण दर’ सुचवतात. ‘टिकून राहिलेल्यांचे प्रमाण’ म्हणावे.