संत्र्याच्या मातृझाडात ट्रिस्टेझा विषाणू आहे का, हे साध्या लॅबमध्ये कसं तपासायचं?

डीएएस-एलायझा करा, म्हणजे विषाणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडी वापरून रंगावरून विषाणू ओळखणारी चाचणी. विषाणूचा जनुकीय अंश वाढवून ओळखणारं पीसीआर मशीन लागत नाही आणि ९६ खाचांच्या एका प्लेटवर बरीच झाडं दोन दिवसांत तपासून होतात. ट्रिस्टेझा फक्त अन्नवाहिन्यांत राहतो, म्हणून पानाचं पातं घेऊन उपयोग नाही. झाडाच्या चारही बाजूंच्या कोवळ्या फुटीतली मधली शीर, देठ किंवा काडीची साल घ्या. १ ग्रॅम नमुना १० मिली बफरमध्ये खलात वाटा, अँटिबॉडी चढवलेल्या प्लेटच्या प्रत्येक खाचेत १०० मायक्रोलिटर रस टाका आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. मग धुऊन एंझाइमवाली अँटिबॉडी, पुन्हा धुऊन सबस्ट्रेट (एंझाइममुळे रंग देणारं रसायन) टाका. पिवळा रंग आला की ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती गडद आहे याचं रीडिंग घ्या. निरोगी नमुन्यांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आलं तर झाड बाधित धरा. निरोगी आणि बाधित असे दोन्ही खात्रीचे नमुने प्रत्येक प्लेटवर हवेतच, त्यांच्याशिवाय रीडिंगला अर्थ नाही. निरोगी खाचही पिवळी पडली तर बहुतेक वेळा धुणं कमी पडलेलं असतं.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र नमुने घेऊ नका. कडक उन्हाळ्यात झाडातलं विषाणूचं प्रमाण घटतं आणि बाधित झाडही 'निगेटिव्ह' येतं. थंडीतली फूट तपासा. कलमासाठी डोळे काढायचे असतील, तर निगेटिव्ह झाडांची आरटी-पीसीआर करून घ्या, किंवा त्यांची साल कागदी लिंबाच्या रोपावर बांधून नव्या पानांच्या शिरा उजेडासमोर पारदर्शक दिसतात का ते पाहा. संत्र्याचा ग्रीनिंग हा दुसरा रोग या चाचणीत कळत नाही. तो जिवाणूमुळे होतो.