घर तारण ठेवून शेड घ्यावी का?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं सविस्तर पत्र आलं आहे. आजोबांपासून चालत आलेला पेट्या म्हणजे हार्मोनियम बनवण्याचा आणि दुरुस्तीचा कारखाना. वडील ६८ वर्षांचे, हे स्वतः ३६चे, हाताखाली दोन कारागीर. संगीत नाटकवाल्यांकडचे, देवळांतले, चर्चमधले जुने पायाचे ऑर्गनही ते दुरुस्त करतात. जागा भाड्याची, महिना १० हजार. आता एमआयडीसीत ३१ लाखांना शेड मिळते आहे आणि ७ लाखांचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारं लाकूड कापायचं यंत्र, घ्यायचं मनात आहे. एकूण ३८ लाख. राहतं घर तारण ठेवलं तर बँक २५ लाख द्यायला तयार आहे, दहा टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. उरलेले १३ लाख वडिलांच्या १६ लाखांच्या एफडीतून काढायचे. ‘चार महिन्यांचं वेटिंग आहे, जागा असती तर वर्षाला शंभर पेट्या सहज निघाल्या असत्या,’ असं ते लिहितात.

हे कर्ज घेऊ नका. धंदा वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. उलट पेटीच्या मागणीची मला फारशी काळजी वाटत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१मध्ये कुठे सैल झाली, आणि तेवढ्या तीस वर्षांतही गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. कीबोर्ड येऊनही ती टिकली आहे. अडचण आहे ती तुमच्या कारखान्यात काम नेमकं कुठे अडतं, याची. ते जागेपाशी अडत नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे मी जरा वेगळ्या पद्धतीने मांडले. गेल्या वर्षी ६० नव्या पेट्या, सरासरी ३० हजारांच्या. १५५ दुरुस्त्या, सरासरी ४ हजारांच्या. दोन ऑर्गन, प्रत्येकी ९० हजारांचे. विक्री २६ लाख. त्यातून लाकूड, सूर (पितळी जिभा), कापड वगैरे माल साडेअकरा लाख, कारागिरांचे पगार ६ लाख, भाडं १ लाख २० हजार, वीज आणि किरकोळ ७० हजार. हातात उरले ६ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ५५ हजार. त्यात दोन कर्त्या माणसांची मेहनत आणि एक घर.

आता पत्रातलाच दुसरा तपशील घ्या. लाकूडकाम, भाता, पट्ट्या हे सगळं कारागीर आणि तुम्ही करता. सूर मात्र बाबाच लावतात. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, दोन संचांची पेटी म्हटली तर ८४ पितळी जिभा. प्रत्येकीचं टोक किंचित खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. एकेक जमली तरी नर (मधला संच) आणि खर्ज (खालचा संच) एकत्र दाबल्यावर त्यांच्यात लहर राहता कामा नये. मग पेटी काही दिवस ठेवायची, सूर हलतात, पुन्हा बसायचं. तुमच्याच हिशेबाने यात एका नव्या पेटीमागे बाबांचे अडीच दिवस जातात, दुरुस्तीमागे अर्धा आणि एका ऑर्गनमागे पंचवीस.

गुणाकार करा. ६० पेट्यांचे १५० दिवस, दुरुस्त्यांचे साधारण ७७, ऑर्गनचे ५०. वर्षातले २७७ दिवस बाबा सुरांवर बसलेले आहेत. सणवार, आजारपण, लग्नकार्य सोडून कामाचे दिवस उरतात किती? तुमचं चार महिन्यांचं वेटिंग या २७७मधून आलेलं आहे. शेड घेऊन शंभर पेट्या काढायच्या ठरवल्या तर नुसत्या नव्या पेट्यांना २५० दिवस लागतील आणि बाकीचं धरून ३७७. वर्षच पुरत नाही! सीएनसीने खोकी भराभर तयार होतील आणि सूर लावण्यासाठी रांगेत पडून राहतील. प्रत्येक खोक्यात १७ हजारांचा माल अडकलेला असेल, ते वेगळंच.

तिकडे हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून ३३ हजार. भाड्याचे १० हजार वाचतील असं धरलं तरी ५५चे ३२ हजार होतात. दहा वर्षांत व्याजापोटी साडेचौदा लाख जातील. एफडीवर सात टक्के व्याज धरलं तर १३ लाख मोडल्यावर घरात येणारे महिन्याचे साडेसात हजारही बंद होतात. आणि हा सगळा डोलारा ६८ वर्षांच्या एका माणसाच्या कानावर उभा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं किंवा गुडघ्याने दोन महिने अंथरुणाला खिळवलं, तर बँक थांबणार नाही.

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे: धाकटा कारागीर गावच्या भजनात पेटी वाजवतो. म्हणजे त्याला कान आहे. त्याला रंधा-पॉलिशमधून काढा आणि रोजचा अर्धा दिवस बाबांशेजारी बसवा. आधी दुरुस्तीच्या पेट्या द्या, तिथे चूक झाली तर नुकसान थोडं. पगारात ५ हजारांची वाढ द्या, कारण शिकून तो दुसऱ्याच्या कारखान्यात गेला तर तुमचंच नुकसान. त्याच्या सुतारकामाला १३ हजारांचा एक मदतनीस ठेवा. महिन्याला १८ हजार खर्च वाढला. तुम्ही स्वतः मोबाईलवरच्या ट्यूनरने सूर लावता आणि बाबा ते पुन्हा लावतात, असंही लिहिलंय. सकाळची ऑनलाइन ऑर्डरींची उत्तरं दुपारी द्या आणि तुम्हीही त्या बैठकीत बसा.

हे १८ हजार कुठून आणायचे? दरांतून. चार महिने गिऱ्हाईक थांबतं याचा अर्थ तुमचा दर कमी आहे. नवी पेटी ३३ हजारांना करा. त्यामुळे पाच गिऱ्हाइकं गेली तरी ५५ पेट्यांवर माल वजा जाता ८ लाख ८० हजार राहतात. आज ६०वर ७ लाख ८० हजार राहतात. लाखभर जास्त मिळाले आणि बाबांचे बारा दिवस मोकळे झाले.

ऑर्गनबद्दल थोडं कडवट बोलतो. पत्रात सगळ्यात जास्त जीव तुम्ही त्या दोन ऑर्गनवर ओतला आहे आणि ते मला समजतं. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून नाट्यसंगीताच्या साथीला ऑर्गनचा जो भरीव सूर आहे, तो पेटीतून निघत नाही. पण पैशांच्या नजरेने हे तुमचं सगळ्यात आतबट्ट्याचं काम आहे. माल वजा केल्यावर बाबांच्या एका दिवसाला नवी पेटी ५,२०० रुपये देते, दुरुस्ती ६,७०० देते आणि ऑर्गन फक्त ३,०००. अमेरिकन ऑर्गनमध्ये हवा बाहेर ढकलली जात नाही, आत ओढली जाते. जुन्या भात्याच्या कापडाला कुठे बारीक चीर असली, एखाद्या झडपेचं कातडं वाळलं असलं की कुठला तरी सूर दबतो आणि गळती शोधण्यात दिवसच्या दिवस जातात. ते दिवस तुम्ही दरात धरलेलेच नाहीत. नव्या पेटीची बरोबरी करायची म्हटली तरी १ लाख ४५ हजार पडतात. १ लाख ५० हजारांच्या खाली ऑर्गन हातात घेऊ नका, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि उघडून पाहिल्यावर निघालेलं जादा काम वेगळं लागेल, हे आधीच लिहून द्या. ‘एवढ्या जुन्या संस्थेकडून कसं मागायचं’ असं बाबा म्हणतील. संस्था मांडववाल्याला पैसे देते, तुम्हालाही देईल. नाहीच दिले तर पन्नास दिवस सुटले.

दोन ऑर्गनचे वाढीव १ लाख २० हजार आणि पेट्यांचे लाखभर, मिळून वर्षाला २ लाख २० हजार. मदतनीस आणि पगारवाढीचा खर्च २ लाख १६ हजार. एक पैसा कर्ज न काढता दुसरा सूर लावणारा तयार होतो.

घराविषयी. घर आजोबांनी बांधलेलं आणि कोल्हापूरला दिलेली बहीण ‘काही म्हणणार नाही’, असं तुम्ही लिहिता. हे वाक्य बँकेच्या कागदावर चालत नाही. घर बाबांच्या नावावर कसं आलं, मृत्युपत्राने, वारसाने की वाटणीत, यावर बहिणीचा हक्क ठरतो. वडिलोपार्जित ठरलं तर २००५च्या दुरुस्तीनुसार मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. कर्ज घ्या न घ्या, वकिलाकडून एकदा कागद पाहून घ्या. आणि तिला फोन करून सांगा. हे तिला बाहेरून कळू नये.

शेडबाबतही एक गैरसमज दिसतो. एमआयडीसीची जमीन मालकीची होत नाही, लांब मुदतीचा भाडेपट्टा मिळतो, साधारणपणे ९५ वर्षांचा. पुढे विकताना महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आलं. ‘स्वतःची जागा’ म्हणून तुम्ही जी किंमत मोजताय, त्यात हे धरा. सध्याचा जागामालक कधीही उठवेल ही भीती खरी असेल, तर त्याच्याशी पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करा. भाडं १० चं १३ हजार झालं तरी ३३ हजारांच्या हप्त्यापेक्षा स्वस्त. राउटरचं काम सांगली-कोल्हापूरकडे जॉबवर्कने करून मिळतं. सुरांच्या पाटाच्या खाचा आणि पट्ट्या तिकडून कापून आणून पाहा.

पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या सरकारी योजनेचं विचारलंत. त्या १८ व्यवसायांच्या यादीत वाद्य बनवणारा नाही, सुतार आहे. पात्र ठरलात तर पाच टक्क्यांनी आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख मिळतात, घरातल्या एकालाच. शेडला ते पुरणार नाहीत, पण सागवान आगाऊ घेऊन वाळवत ठेवायला ही रक्कम चांगली आहे. लाकूड ओलं राहिल्याने फटी पडून परत आलेल्या पेट्यांचा तुम्हीच उल्लेख केला आहे.

बाबांच्या १६ लाखांना हात लावू नका. त्यांना धंद्यातून पेन्शन नाही आणि आरोग्य विमाही दिसत नाही. मुदत संपेल तशी एफडी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवा. दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं आणि ३० लाखांपर्यंत ठेवता येतात.

वर्ष-दीड वर्षाने, धाकट्याने लावलेल्या निम्म्या पेट्या बाबांनी न खरवडता बाहेर जायला लागल्या की पुन्हा लिहा. तेव्हा शेडचा विचार भाड्याने करू, आणि कर्ज लागलंच तर घर बाजूला ठेवून, सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळवून देणाऱ्या सरकारी योजनेच्या हमीवर.

त्याआधी या महिन्यातच सीएला गाठा. पत्रात जीएसटीचा कुठेच उल्लेख नाही. चाळीस लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणीची सूट फक्त माल विकणाऱ्याला असते. दुरुस्ती ही सेवा, आणि सेवा आली की मर्यादा २० लाखांवर येते. तुमची विक्री २६ लाख आहे. चर्चच्या ज्या ऑर्गनचं दरपत्रक द्यायचं राहिलंय म्हणता, तेही सीएशी बोलून झाल्यावर, कर धरूनच द्या.