आपण कुठे बसलो असतो?

डॅलसहून एक आई लिहितात : "लेक पाचवीत आहे. शाळेनं मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची कादंबरी वाचायला दिली. रात्री रडत विचारते, 'आई, तेव्हा बसमध्ये आपण पुढे बसलो असतो की मागे?' मी म्हटलं, आपला त्याच्याशी काय संबंध, झोप आता. चुकलं का?"

चुकलं, ताई. दिवसभर दमल्यावर रात्री दहाला असा प्रश्न आला की कुणाचंही तेच होतं, पण चुकलं.

संबंध आहे. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत बसमध्ये गोरे पुढे आणि कृष्णवर्णीय मागे बसत; आपण कुठे, हा तिचा प्रश्न खराच आहे. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद खटल्यात सांगितलं, भारतीय माणूस 'गोरा' नाही, त्याला नागरिकत्व नाही. आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्यानं, नागरी हक्क कायद्यानंतर सव्वा वर्षात, कृष्णवर्णीयांच्या त्याच लढ्याच्या रेट्यात.

तुमच्या लेकीचं पुस्तक म्हणजे मिल्ड्रेड टेलर यांचं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६). गोष्ट १९३३ची. सहा वर्षांच्या लिटल मॅनला शाळेत मळकं पुस्तक मिळतं. आतल्या तक्त्यात नोंदी असतात : अकरा वेळा गोऱ्या मुलांनी वापरलं, 'अतिशय खराब' झालं, म्हणून बाराव्या वेळी कृष्णवर्णीय मुलांना. पोरगं ते जमिनीवर फेकून पायांनी तुडवतं. 'वेगळे पण समान' (गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या, तरी म्हणे समान) हे १८९६पासून १९५४पर्यंत चाललेलं ढोंग या एका पानावर मुलाला कळतं, सनावळ्या घोकून कळत नाही.

माझ्या मुलानं हे पान वाचून विचारलं, "आपल्याकडे असं होतं?" मीही टाळलं होतं. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती, तिनंच सांगितलं. लाकडं फोडायला येणाऱ्या माणसासाठी ओटीच्या कोनाड्यात कान तुटलेली कपबशी असायची, लहानपणी तीच वरून पाणी ओतायची. मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "त्या काकांचं नाव काय होतं?" आईला आठवेना. ती रडली. त्याच आठवड्यात आम्ही तिघांनी बाबासाहेबांच्या शाळेतल्या आठवणी वाचल्या : बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही.

तुमच्या घरचे ती कपबशी ठेवणारे होते की तिच्यातून पिणारे, मला ठाऊक नाही. जे असेल ते लेकीला सांगा. आजीला व्हिडिओ कॉल लावा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. पुस्तक मात्र एकटीनं वाचायला सोडू नका. आधी तुम्ही दोन प्रकरणं पुढे वाचा. जाळपोळीचे प्रसंग आहेत, ते दुपारी वाचायचे, झोपताना नाही.

 

आणि बसचं म्हणाल, तर लिटल मॅन आणि त्याच्या भावंडांना शाळेची बसच नाही. गोऱ्या मुलांची बस रोज त्यांच्या अंगावर चिखल उडवत जाते. तिसऱ्या प्रकरणात ती गुपचूप रस्त्यात खड्डा खणतात. ते प्रकरण लेकीला तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. बस अडकते तिथे ती हसेल.