जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडून आहे, नवीन मीटर टाकू का?

आत्ताच नवीन मीटर घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी १९९८ची ४०७ आहे, थंडीत सकाळी डॅशबोर्डमागून किरकिर यायची, काटा ३० ते ५०च्या मध्ये थरथरायचा आणि गेल्या आठवड्यात जो शून्यावर पडला तो उठलाच नाही. किलोमीटरचे आकडेही थांबलेत. गॅरेजवाला मीटर बदला म्हणतो आणि पुढच्या महिन्यात आरटीओचं पासिंग (फिटनेस तपासणी) आहे. एवढ्या वर्णनावरून मला तरी वाटतं की मीटर शाबूत आहे आणि केबलचा इनर, म्हणजे आत फिरणारी तार, तुटलाय. आमच्याकडेही ४०७ होती, वडिलांनी घेतलेली, आणि याच घाईत आमचं एक चांगलं मीटर भंगारात गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या गाडीतलं हे मीटर विजेवर चालत नाही. वीज लागते ती फक्त डायलमागच्या बल्बला. त्यामुळे फ्यूज तपासत बसू नका. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला, जिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, तिथे एक छोटं पिनियन, म्हणजे दातेरी चाक, असतं. चाकांबरोबर ते फिरतं आणि केबलमधल्या इनरला फिरवतं. इनरचं दुसरं टोक मीटरमध्ये एक चुंबक फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेच टेकत नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. घड्याळात असते तशी एक केसासारखी स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. वेग वाढला की ओढ वाढते, काटा पुढे सरकतो. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच फिरण्यावर साध्या दातेरी चाकांनी चालतात.

आता तुमच्या गाडीत हे फिरणं नेमकं कुठे तुटलंय तेवढं शोधायचं. आकडे पळताहेत पण काटा मेलाय, तर दोष मीटरच्या आत, वाटी किंवा स्प्रिंगमध्ये. काटा चालतोय पण आकडे थांबलेत, तर आतल्या प्लास्टिकच्या एखाद्या चाकाचे दात गेले. दोन्ही एकदम थांबले, जसे तुमचे, तर मीटरवर आळ घेण्याआधी केबल आणि पिनियन बघायचं. आधीची किरकिर आणि थरथरही केबलकडेच बोट दाखवते. कोरडा पडलेला इनर आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, अडकतो, पीळ खातो, मग एकदम सुटतो; काटा उड्या मारतो तो त्यामुळे. असा पीळ खात खात एक दिवस तुटतो.

खात्री करायला मिस्तरीही लागत नाही. बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवा, कारण डॅशबोर्डमागे बल्बच्या वायरी मोकळ्या असतात. मीटरमागे जाडसर काळी केबल आणि तिच्यावर रेघारेघांचा नट दिसेल. तो हाताने फिरतो, जाम असेल तर प्लास कापड गुंडाळून हलक्या हाताने लावा. (तिथे केबल नसून नुसता वायरीचा कपलर असेल, तर कुणीतरी आधीच सेन्सरचं मीटर बसवलंय. मग गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचा कपलर चिखलाने भरलाय का आणि अर्थ लागतेय का ते आधी बघा.) केबल सुटली की टोक बाहेर काढून ठेवा, अर्थ परत जोडा आणि मोकळ्या मैदानात गाडी पहिल्या गिअरमध्ये दहा-पंधरा पावलं पुढे घ्या. शेजारी बसलेल्याने फक्त इनरच्या टोकावर लक्ष ठेवायचं. इनर फिरत नसेल तर गाडी बंद करून, चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावून, तो वरूनच ओढा. तुटला असेल तर अर्धाच हातात येईल. अख्खा आला तर दोन्ही टोकं बघा: चौकोनी टोकाचे कोपरे झिजून गोल झाले असतील तर ते पिनियनमध्ये नुसतंच घसरतंय.

आमच्या गाडीत इनर फिरत होता आणि तरीही काटा अडकायचा. गॅरेजमध्ये मीटर बदलून दिलं. चार महिन्यांत नवीन मीटरचा काटा चाळिसावर चिकटून बसला, गाडी उभी असतानाही चाळीस! निगडीच्या वाहतूकनगरीत मीटरचीच कामं करणारे एक वयस्कर मिस्तरी होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मीटरला हातही लावला नाही. केबल सोडली, इनर ओढून काढला आणि वर्तमानपत्रावर आडवा ठेवला. दोन मिनिटांत कागदावर पिवळट डागाची लांब रेघ उमटली. त्यांनी बोट फिरवून वास घेतला आणि माझ्यापुढे धरलं. ग्रीस नव्हतं, गिअर ऑइल होतं. पिनियनच्या घरातलं छोटं ऑइल सील गेलेलं, आणि इनर फिरता फिरता ऑइल स्क्रूसारखं वर चढवत थेट मीटरच्या वाटीपर्यंत नेत होता. सील बदललं, केबल नवीन टाकली, मीटर उघडून साफ केलं. गाडी विकेपर्यंत पुन्हा तक्रार नव्हती. पहिलं मीटर भंगारात दिलं होतं, तेही बहुतेक नुसतं धुऊन चाललं असतं, याची मला आजही हळहळ वाटते. म्हणून सांगतो, तुमचा इनर निघाला की आधी कागदावर ठेवा. मीटरच्या काचेला आतून तेलकट धुरकट छटा आहे का तेही बघा.

केबल आणताना जुनी बरोबर न्या. नाना पेठेत मिळेल, पण नुसतं '४०७ची केबल द्या' म्हणू नका. आउटरची लांबी, इनरच्या दोन्ही टोकांचा आकार आणि नटाचे आटे जुळवून घ्या. आखूड केबल ताणून बसते, लांब असली की कुठेतरी वेटोळं करावं लागतं. दोन्ही लवकर तुटतात. बसवताना कुठेही वितभरापेक्षा लहान वळण येऊ देऊ नका आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा. क्लचचं काम झालं की केबल कशीतरी तारेने आवळून टाकतात, तीही जागा तपासा. इनरला ग्रीसचा पातळ हात फिरवा, पण मीटरकडची शेवटची पाच-सहा इंच कोरडीच ठेवा, नाहीतर ते ग्रीसही वर चढतं.

केबल धड असेल आणि पिनियनही फिरत असेल, तरच मीटर तपासा. बऱ्याच मीटरांच्या डायलवर बारीक आकडा छापलेला असतो, एका किलोमीटरला केबलचे किती फेरे ते सांगणारा. तो १००० असेल तर मिनिटाला १००० फेरे म्हणजे ताशी ६०. जुन्या इनरचा तुकडा कमी वेगाच्या ड्रिलला लावून, गाडीत केबल ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने मीटर फिरवलं की काटा उठतो की नाही ते टेबलावरच कळतं. मीटर बदलायचंच झालं तर हाच आकडा असलेलं घ्या. दुसऱ्या आकड्याचं मीटर दिसायला तेच असतं, पण वेग चुकीचा दाखवतं.

टायरचंही तसंच आहे. ७.५० च्या जागी ८.२५ टाकले असतील तर चाकाचा घेर साधारण सहा-सात टक्के वाढतो, चाक किलोमीटरला कमी फेरे घेतं आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या पुढे पहाटे काटा ६०वर स्थिर धरा आणि किलोमीटरच्या दोन दगडांमधली वेळ शेजारच्याला मोजायला सांगा. ६० सेकंद लागले तर बरोबर. ५६ लागले तर तुम्ही खरं म्हणजे ६४ने चाललाय.

तुम्ही विचारलंय की पासिंगपुरतं सोडलं तर मोबाइलवर वेग दिसतोच, मग एवढा खटाटोप कशाला. तुमची साताऱ्याची फेरी आहे म्हणून हे आवर्जून लिहितो. येताना कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरलात की मोबाइलचा उपग्रहाशी संपर्क तुटतो, आणि बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या नवले पुलापर्यंतचा उतार सुरू होतो. नेमक्या गरजेच्या वेळी मोबाइल जागेवर नसतो. कानाने वेग ओळखता येतो असं आपल्याला वाटतं, पण शंभर किलोमीटर हायवेने आल्यावर साठचा वेगही चाळीससारखा वाटायला लागतो. भरलेली गाडी तिथे जाणवण्याआधी वीसने वाढते, आणि मग फक्त ब्रेकवर ओढत बसलं की लायनर तापतात. गाडी गिअरमध्येच ठेवा, आणि काटा चालू असू द्या. त्या उतारावर किती अपघात झालेत ते तुम्हाला माहीतच आहे.

पासिंगचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११७ प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर लागतोच, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दर वर्षी असतं. म्हणजे तात्पुरता जुगाड करून उपयोग नाही. स्पीड गव्हर्नर (ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारा) बसवलेला असेल तर तो वेग कुठून घेतो ते बघा. काही गाड्यांत तो याच केबलच्या मध्ये जोडलेला असतो, मग तो जोडही सोडून तपासावा लागेल.

आज गाडीवर जे किलोमीटर थांबलेत ते तारखेसह डायरीत लिहून ठेवा, म्हणजे ऑइल बदलायचा आणि ॲव्हरेजचा हिशोब अंदाजे तरी धरता येईल. आणि मीटर खाली उतरवलंच तर डायलचा बल्ब त्याच वेळी नवीन टाका. आमच्या गाडीत तो राहिला होता, आणि रात्रीच्या खेपेला वडील टॉर्च मारून काटा बघायचे.