सीटमागची पेट्रोल टाकी हलवावी का? १,४२,००० रुपयांचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा: काटोल तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार भाऊंकडे आजोबांच्या वेळची १९५१ची शेवरोले पिकअप आहे, चालू स्थितीत. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे. उन्हाळ्यात आत पेट्रोलचा वास येतो, म्हणून घरचे म्हणतात, टाकी बाहेर काढा. नागपूरच्या एका गॅरेजने हौद्याखाली, मागच्या एक्सलच्या पलीकडे ॲल्युमिनियमची नवी टाकी बसवायचे १,४२,००० रुपये सांगितले आहेत. संत्र्याच्या आंबिया बहाराचा चुकारा (विक्रीचे पैसे) येऊन हातात ४,८०,००० रुपये आहेत. सोसायटीचे पीककर्ज २,४०,००० रुपये. ‘पैसे तर पुरतात, करून टाकू का?’

भाऊ, पुरतात का ते आधी मांडून पाहू. ४,८०,००० मधून पीककर्जाचे २,४०,००० काढा. खत, फवारणी, ओलित, मजुरी मिळून बगीच्याचा हंगामाचा खर्च तुम्ही ९०,००० लिहिला आहे, तो काढा. घरखर्च महिन्याला १५,००० म्हणजे सहा महिन्यांचे ९०,०००. उरले ६०,०००. टाकीचे काम करायचे तर घरखर्चाच्या पैशाला हात लावावा लागतो आणि शेवटी हाती राहतात ८,००० रुपये. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ झाली किंवा आधीच एखादी गारपीट येऊन गेली, तर ८,००० रुपयांत काय होते हे बागायतदाराला मी सांगायला नको.

पत्रात तुम्ही सहज एक ओळ टाकली आहे: ‘नाहीतर कर्जाचे यंदा थोडे थांबवतो.’ तेवढे मात्र करू नका. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की तेच कर्ज ७ टक्क्यांनी मोजले जाते, म्हणजे २,४०,००० वर वर्षाचे १६,८०० रुपये, आणि मुदतीनंतरच्या काळाला बँकेचा नेहमीचा दर वेगळा. शिवाय नवं-जुनं, म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलणे, अडते, मग कृषी केंद्राची उधारी सुरू होते आणि ती कधीच शून्य टक्क्याने मिळत नाही. मुदतीची तारीख सोसायटीच्या गटसचिवाकडून लिहूनच घ्या. नवं-जुनं झाल्यावर हातात येणारी रक्कम बगीच्याची आहे, ती टाकीच्या हिशेबात धरू नका.

आता कोटेशन. त्यात टाकी, पट्टे, नवी पाइपलाइन, इलेक्ट्रिक पंप आणि मजुरी आहे. जे नाही ते जास्त महत्त्वाचे.

पहिली गोष्ट स्टेपनी. या पिकअपची स्टेपनी मूळ रचनेत हौद्याखाली मागेच टांगलेली असते, आणि टाकी नेमकी तिथेच जाणार आहे. स्टेपनी हौद्यात ठेवायची की बाजूला ब्रॅकेट करायचा, याचा खर्च कोणी धरलेला नाही. दुसरी गोष्ट पेट्रोलचा काटा. शेवरोलेच्या त्या काळच्या काट्याला ० ते ३० ओहमचा फ्लोट (टाकीतली पातळी मोजणारा तरंगता भाग) लागतो. आज बाजारात मिळणारे बरेच फ्लोट वेगळ्या पल्ल्याचे असतात; तसला लावला की काटा कायम चुकीचे दाखवणार आणि गाडी घाटात कोरडी पडणार. तिसरी गोष्ट करंट. तुमची गाडी ६ व्होल्टची आहे, कोणी मध्ये १२ व्होल्टची केली नसेल तर. १२ व्होल्टचा पंप ६ व्होल्टवर धड चालत नाही. पूर्ण गाडी १२ व्होल्टवर न्यायची तर डायनामो, स्टार्टरचे काम, बल्ब, काटे असा वेगळा खर्च उभा राहतो.

इलेक्ट्रिक पंप घातला आहे त्याला मात्र कारण आहे. मूळ पंप इंजिनाच्या अंगावर, कॅमशाफ्टवर चालणारा. केबिनमधल्या टाकीतून त्याला पेट्रोल जवळून आणि वरून मिळते. टाकी मागे खाली गेली की ओढ दोन-अडीच मीटरने वाढते, तीही चढाची. मे महिन्यात ४५ अंशाला ओढीच्या बाजूला पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यात ‘गरम होऊन’ बंद पडते. थंड झाली की पुन्हा चालू. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, दोष मात्र पाइपात असतो. म्हणून ढकलणारा पंप टाकीजवळ हवाच, पण ३ ते ५ पीएसआय (दाबाचे एकक) दाबाचा. इंजेक्शन गाडीचा ४० पीएसआयचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून लावला तर कार्बोरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल इंजिनाच्या गरम मॅनिफोल्डवर सांडते. वास घालवायला निघालात आणि आग लावून बसलात, असे होईल. अपघातात पंप आपोआप बंद करणारा स्विचही कोटेशनमध्ये नाही. हे सगळे धरले तर आकडा १,४२,००० वर थांबत नाही. माझ्या अंदाजाने आणखी ३० ते ४० हजार लागतील.

मग वासाचे काय? तो खरा आहे, आणि बंद केबिनमध्ये तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण टाकी केबिनमध्ये आहे म्हणून वास येत नाही. १९४९ पासून कंपनी तिथेच बसवत होती. वास गळतीचा आहे. सकाळी पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरता का? पेट्रोल २० अंशांनी तापले की ५० लिटरमागे जवळपास एक लिटर फुगते. उन्हात उभ्या गाडीत तो लिटर मानेच्या (भरायच्या नळीच्या) रबरातून पाझरतो. पुढच्या वेळी चार-पाच लिटर जागा सोडून भरा आणि आठवडाभर पाहा. याला पैसा लागत नाही.

तरी वास राहिला तर टाकी जागच्या जागी दुरुस्त करा. गाडी उघड्यावर, बॅटरीची वायर सुटी, पेट्रोल पूर्ण काढलेले. मानेचे रबर, फ्लोटखालचे पॅकिंग आणि खालच्या नळीचा जोड हे तीन संशयित. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुने रबर त्यात फुगते किंवा चिरते, म्हणून नळी आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणारेच मागा. इंजिनावरच्या पंपाचा डायफ्रॅमही (आतला लवचीक पडदा) त्याच वेळी बदला. टाकी बाहेर काढलीच तर तोंडे बंद करून १ ते २ पीएसआय हवा भरा आणि साबणाचे पाणी लावा, बुडबुडा येईल तिथे भोक. जास्त दाब दिला तर सपाट पत्रा फुगून वाकडा होतो. आत गंज असेल तर सायट्रिक ॲसिडने धुऊन लगेच सुकवून घ्या. आणि वेल्डिंगवाल्याला बजावून सांगा: रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते. वाफेने धुतल्याशिवाय किंवा पाण्याने भरल्याशिवाय ज्योत जवळ आणायची नाही. झाकण कोणी बदलले असेल तर तेही तपासा. हवा आत न घेणारे झाकण लागले की टाकीत ओढ तयार होते आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही.

टाकी आणि सीट यांच्यामध्ये १.२ मिलिमीटर पत्र्याचा पडदा, हवेची नळी फरशीखाली बाहेर काढलेली, आणि केबिनमध्ये २ किलोचे ड्राय पावडरचे अग्निशामक. हे सगळे मिळून साधारण २० ते २५ हजारांत व्हायला हवे. ते वरच्या ६०,००० मध्ये बसते आणि किमान ३५,००० उरतात.

कागदाची बाजू वेगळी आहे आणि पैशाच्या दृष्टीने तीच मोठी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, व्यापारी वापरात नसलेल्या चारचाकीला विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा. चेसिसला टाकीचे ब्रॅकेट वेल्ड केले, हौद्याच्या बाजूला भरायचे तोंड कापले, की तपासणीत प्रश्न आलाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही विचार करा, नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. संग्राहक विकत घ्यायला आला तर तोही हेच बघतो. उलट विंटेज नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला बाद: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर. म्हणजे ही गाडी तुम्हाला संत्र्याची क्रेट्स न्यायला हवी की जपायला, हे आधी ठरवा. जपायची असेल तर टाकी हलवणे म्हणजे पैसे देऊन किंमत कमी करणे. आरसीवर वर्ग काय लिहिला आहे तेही बघा. व्यापारी मालवाहू असेल तर विंटेजचा विषयच संपतो. विम्याला कोणताही बदल लेखी कळवा, नाहीतर नुकसानीच्या दाव्यात तेच कारण पुढे येते.

हौद्याखालची टाकी निर्धोकच असते असेही नाही. पावसाळ्यात काळी माती पट्ट्यांच्या खाली गच्च बसते, दिवाळीपर्यंत ओली राहते, आणि पट्टे तिथूनच सडतात. शेतरस्त्याच्या दगडाला ॲल्युमिनियम टिकत नाही, खाली ३ मिलिमीटरची लोखंडी प्लेट लागते. मागून ट्रॅक्टर-ट्रॉली आदळली तर पहिला मार टाकीला.

एका परिस्थितीत मी होकार देईन: टाकीचा तळ दुरुस्तीपलीकडे सडलेला आहे आणि घरची माणसे दर आठवड्याला या गाडीतून जातात. तरीही पुढच्या बहाराच्या पैशातून, यंदा नाही. तोवर सडलेल्या टाकीने गाडी बाहेर काढू नका. काम देताना अटी लिहून घ्या: चेसिसवर वेल्डिंग आणि नवे भोक नाही, आहेत त्या भोकांत बोल्टने ब्रॅकेट, पट्ट्याखाली रबर, पेट्रोलची पाइप स्टीलची, तांब्याची नको, कारण तांबे हादऱ्याने कडक होऊन तडकते, सायलेन्सरपासून दूर, नाहीतर मध्ये उष्णतेचा पत्रा, गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व हवेच्या नळीला, फ्लोटला चेसिसची वेगळी अर्थिंग. जुनी टाकी भंगारात देऊ नका, तेल लावून कोरड्या जागी ठेवा, म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात नेता येईल.

आगाऊ ३० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, टाकी बसल्यावर ५० द्या. उरलेले २० टक्के टाकी पूर्ण भरून एक रात्र उभी ठेवल्यावर, आणि पाव टाकीवर दुपारच्या उन्हात घाट चढून काटा खरा दाखवतो हे पाहिल्यावर, जीएसटीचे बिल हातात घेऊन.