लातूरला ओठांत फिलर (ओठ भरदार दिसावेत म्हणून टोचायचं जेल) भरायचं आहे. ओळखीच्या पार्लरमध्ये महिन्यातून एकदा पुण्याचे डॉक्टर येतात, स्वस्तही पडतं. तिथं करावं का? डॉक्टर कसा निवडावा?

तिथं करू नका. परभणीत माझं मेडिकल आहे, सोळा वर्षं झाली. "पार्लरमध्ये डॉक्टर येतात" एवढं वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीनं दिराच्या लग्नाआधी अशाच एका पार्लरमध्ये वरच्या ओठात फिलर भरून घेतलं. मी नको म्हणलो होतो. दाजी म्हणले, "तुला मेडिकलवाल्याला सगळीकडं रिअ‍ॅक्शनच दिसती. बाई ओळखीची हाय, सात हजार कमी घ्यायली."

दुपारी चारला इंजेक्शन झालं. ओठ तिथंच एका बाजूनं पांढरा पडला, कळा सुरू झाल्या. बाई म्हणली, सूज आहे, बर्फ लावा. रात्री आठला ती दुकानात आली तेव्हा ओठापासून नाकपुडीपर्यंत जांभळी जाळी उमटली होती. मी बोटानं दाबून सोडलं. चांगल्या बाजूला लाली लगेच परत आली. या बाजूला सहापर्यंत मोजलं, तरी पांढरंच. फिलरनं रक्तवाहिनी बंद केली होती. पार्लरला फोन लावला, तर डॉक्टर पुण्याच्या गाडीत बसलेले.

आमच्या गल्लीतल्या स्किनच्या मॅडमनी दवाखाना पुन्हा उघडला. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर असेल तरच ते हायलुरोनिडेजनं विरघळतं, आणि आत काय भरलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. खोका नाही, बिल नाही. मॅडमकडं एकच बाटली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भुलीच्या इंजेक्शनात तेच औषध मिसळतात, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांसाठी माझ्या फ्रीजमध्ये १५०० युनिटच्या चार बाटल्या होत्या. त्या घेऊन मी पळत गेलो. बर्फ काढून गरम शेक दिला, थांबून थांबून इंजेक्शनं दिली. बारा वाजून गेल्यावर ओठाला रंग आला.

म्हणून डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारा: हायलुरोनिडेज आत्ता इथं आहे का? असेल तर दाखवतील. चिडले तर उठून या. डिग्री बघायचीच, एम.डी. स्किन किंवा प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच.; नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा. भिंतीवरच्या दोन दिवसांच्या कोर्सच्या सर्टिफिकेटला भुलू नका. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच २०२२ मध्ये लिहून ठेवलंय. फिलरची सिरिंज तुमच्यासमोर फोडायला लावा, बॅच नंबरचं स्टिकर स्वतःकडं ठेवा. आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी गावात असला पाहिजे.

बोटॉक्सची, म्हणजे सुरकुत्यांसाठीच्या इंजेक्शनची, गोष्ट वेगळी. ते विरघळवणारं औषधच नाही. पापणी उतरली तर असर जाईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट बघायची. त्याची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मराठवाड्याच्या उन्हात पर्समधून आणलेलं बोटॉक्स मी तरी कुणाला टोचू देणार नाही.

हे मात्र खरं, की रक्तवाहिनी एम.डी.च्या हातूनही बंद होऊ शकते. मॅडम स्वतःच म्हणल्या. दाजी तेवढंच धरून बसलेत: "कुणाकडूनबी झालं असतं." झालं असतं. पण मॅडमनी पांढरा ओठ खुर्चीतच ओळखला असता आणि औषध तिथंच दिलं असतं. चार ते आठ, ते चार तास बर्फ लावण्यात गेले.

"आता नीट झालं ना, कशाला उगाळतोस," असंही ते म्हणतात. तायडीच्या ओठावर उजवीकडं तांदळाच्या दाण्याएवढा खळगा राहिलाय. लिपस्टिक लावताना ती तिथं दोनदा फिरवते.